तिसऱ्या कपापर्यंत

अदिस अबाबा
मेस्केरेम १२

एतेते मावशी,

पायाचं प्लास्टर निघालं का? तू पायरीवरून घसरलीस हे मला तुझ्या पत्रातून नाही, इसायास ड्रायव्हरकडून कळलं. तेही त्याने पत्र माझ्या हातात टेकवून बस हलवताना खिडकीतून ओरडून सांगितलं, "पाय मोडलाय, पण जीभ शाबूत आहे!" तू मात्र दोन पानं भरून शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल लिहिलंस.

आता माझी बातमी. नाओदच्या घरचे वडीलधारे मागणी घालायला येणार आहेत. येत्या रविवारी, तिघं. त्याचे काका गाशे दम्तेव त्यांतले सगळ्यांत मोठे. दिरे दावाला स्टेशनमास्तर होते, आता निवृत्त आहेत. नाओदला वडील नाहीत, त्यामुळे काकांचा शब्द त्या घरात शेवटचा.

नाओद आठवतो ना? आमच्या वार्का कॉफीच्या दुकानातलं मशीन बंद पडलं तेव्हा दुरुस्तीला आला होता तो. त्यानंतर मशीन दर आठवड्याला बंद पडायला लागलं. शेवटी मॅनेजरबाई म्हणाली, "त्सिगेरेदा, बिघाड मशीनमध्ये आहे की तुझ्यात?"

पाय बरा असता तर तू आली असतीस, हे मला माहीत आहे. मेकुरियामामा आपल्या बाजूने बसणार आहे. काळजी करू नकोस, तो सगळं बघतोय. एतेते, मी चार वर्षांची असल्यापासून तुझ्याकडे हट्ट केला नाही, कारण तू संधीच दिली नाहीस. आता एकदाच सांगते. मला हा माणूस हवाय.

तुझी
त्सिगे

*

यिर्गालेम
मेस्केरेम १६

पोरी त्सिगे,

प्लास्टर अजून आहे. खाज सुटते तेव्हा विणायची सुई आत घालते.

वाचून डोळे भरले, मग लगेच प्रश्न सुचले. मेकुरिया बघतोय म्हणजे काय बघतोय? माझ्या भावाला मी ओळखते. तो टीव्ही बघतो. आणि त्याच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खुराड्यात तीन म्हातारे चढणार कसे?

नीट ऐक. फरशीवर पसरायचं गवत आदल्या दिवशी आणून ठेव. कॉफीचं बी त्यांच्यासमोर भाज, आधी भाजून ठेवू नकोस. बिनकानाचे कप मांड, ते तुमचे घागरीएवढे मग नकोत. पहिल्या कपाला माणसं पाऊसपाणी बोलतात. रस्ते, गुरं, कोण वारलं. त्यात मुद्दा शोधू नकोस. दुसऱ्या कपाला त्यांच्यातला मोठा घसा साफ करेल आणि तुझं नाव काढेल. तिसरा, बेरेका, आशीर्वादाचा. तो पाणचट असतो, पण तो प्यायल्याशिवाय कोणी उठत नाही. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी तिथे नाही.

शेजारच्या तेवाबेचकडे रविवारी ती मालिका बघायला जाते. त्यातली ती शिकलेली मुलगी परत तुमच्या वार्कात बसली होती, खिडकीपाशी. गेल्या महिन्यात तिथेच तिचं मोडलं, या महिन्यात तिथेच जुळलं. मी तेवाबेचला म्हटलं, "यांना घरं नाहीत का गं?" ती म्हणाली, "घरी कॅमेरा मावत नाही."

तुझी
एतेते येशीहारेग

*

अदिस अबाबा
मेस्केरेम २४

एतेते,

झालं! सगळं छान झालं. गाशे दम्तेव पांढराशुभ्र गाबी पांघरून आले होते. काठी अशी धरली होती की एखाद्या गाडीला हिरवा बावटा दाखवतायत. बरोबरचे दोघे फार बोलले नाहीत. यंदा पाऊस लांबला, दिरे दावाचा रस्ता खचला, तेफचं पीक बरं आहे, असं सगळं झालं. मामाने विनोद केले. कॉफी झाली. मग त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, "देव तुझं भलं करो, मुली," म्हणाले आणि गेले.

मला वाटलं होतं तेवढं काही अवघड नव्हतं. मी उगीच घाबरले होते.

मालिकेवर हसू नकोस. त्या खिडकीजवळच्या टेबलाला इथे देवळाएवढी गर्दी असते. मुली लांब बहिर दारहून येऊन त्या खुर्चीवर फोटो काढतात. कॉलेजची पोरं आमचा कागदी कप धुऊन ठेवतात आणि त्यात नळाचं पाणी भरून चौकातून फिरतात. परवा एकाने कप हातात धरून लग्नाचा फोटो काढला. नवरीच्या हातात फुलं, याच्या हातात कप.

पायाचं कळव.

त्सिगे

*

यिर्गालेम
मेस्केरेम २९

त्सिगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा काढून, एकदा तेवाबेचकडून वाचून घेतलं, म्हटलं माझ्याच डोळ्यांना दिसत नसेल. पण तिलाही सापडलं नाही.

मागणी कुणी घातली? कोणत्या कपाला? पाऊस, रस्ता, तेफ झालं, म्हणजे पहिला कप झाला. पुढे? तुझं नाव कुणी काढलं? मेकुरिया काय म्हणाला? आशीर्वाद बसून दिला की उभ्याने? डोक्यावर हात तर मी बस चुकली म्हणून माझ्या दारात कॉफीला बसलेल्या प्रवाशाच्या पोराच्याही ठेवते.

आणि बी कुणी भाजलं, ते तू लिहिलेलं नाहीस. गवताचा वास, धूप, फुटाणे, काहीच नाही. लहानपणी तू मार खाण्यासारखं काही केलंस की अशीच भराभर बोलायचीस.

एतेते

*

अदिस अबाबा
टिकिम्त १५

एतेते,

उत्तराला उशीर झाला. रोज वाटायचं, उद्या चांगली बातमी येईल, मग लिहीन.

बातमी आली नाही. त्या रविवारपासून त्यांच्या घरून एक शब्द नाही. नाओदने पहिल्या आठवड्यात दोनदा फोन केला, नुसतं "बरी आहेस ना?" म्हणाला. मी म्हटलं, "बरी आहे." मग तोही बंद झाला. गेल्या मंगळवारी आमचं मशीन खरोखर बिघडलं, तर दुसराच माणूस आला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. बैठक मामाच्या घरी झाली नाही. वार्कात झाली. मीच सुचवलं. गाशेंना जिने चढवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते टेबल त्यांना दाखवायचं होतं. सहा वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. ज्या टेबलासाठी अख्खं शहर रांग लावतं, तिथे माझी माणसं बसावीत असं वाटलं. मॅनेजरबाईने टेबल राखूनही ठेवलं.

मी त्यांना माकियातो, आमची दुधाची कॉफी, दिली. दुधावर पान काढलं, माझ्या हाताचं सर्वांत चांगलं. गाशेंनी ते बराच वेळ पाहिलं, मग प्यायले. पावसाबद्दल बोलणं झालं. कप रिकामे झाले. आमच्याकडे नियम आहे, रिकामा कप टेबलावर दोन मिनिटांपेक्षा जास्त दिसता कामा नये. मी नव्या मुलींना हेच शिकवते. एतेते, मी कप उचलले. टेबल पुसलं. तेवढ्यात काउंटरवर रांग वाढली म्हणून मदतीला गेले. मामा त्यांना फोनवर मालिकेचे फोटो दाखवत बसला होता. बाजूला चार मुली टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभ्या होत्या. त्यांतली एक गाशेंना म्हणाली, "बाबा, तुमचं झालं का?"

मी परत आले तेव्हा ते उठून उभे होते.

तुझं पत्र वाचेपर्यंत मला हे दिसलंच नाही. मला वाटलं, शहरातली माणसं आहेत, एका कपात उरकलं असेल. दुकानात पाऊल टाकलं की माझे हात दुकानाचे होतात, एतेते. मी विचार करायच्या आत ते उचलतात, पुसतात.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडच्यांसमोरून मी स्वतः कप उचलले. आता काय करू?

त्सिगे

*

यिर्गालेम
टिकिम्त २२

माझ्या पोरी,

आधी हे वाच. रड, पण फार नको. तुझ्या आईसारखे तुझे डोळे सुजतात.

प्लास्टर निघालं, आणि पहिलं काम मी हे केलं की इसायासच्या बसने हवासाला गेले. तिथे तुमच्या वार्काची शाखा निघाली आहे. गुरुवारी गेले, म्हणजे बुधवार-शुक्रवारचा दुधाचा उपास आडवा येणार नाही. कपावर जेबेनाचं, आपल्या कॉफीच्या मातीच्या सुरईचं, चित्र आहे. मी मुलीला विचारलं, "चित्रातली जेबेना कुठाय?" ती म्हणाली, "आजी, ते डिझाइन आहे." कॉफी बरी होती. दूध फार. खुर्ची मात्र उत्तम, माझ्या पायाला तर फारच. कप संपला आणि मी मनात मोजायला लागले. शंभरपर्यंतही पोचले नाही, मुलीने कप नेला, फडकं मारलं, "आणखी काही?" म्हणून गोड हसली. ती मला हाकलत नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी उठले. माझ्या पायांनी ठरवलं. तेव्हा दम्तेवना काय वाटलं असेल ते समजलं.

आता त्या घरात काय चाललंय तेही सांगते. म्हातारे घरी जाऊन म्हणाले असतील, आम्ही नाव काढायच्या आधीच मुलीने स्वतःच्या हाताने टेबल पुसलं. म्हणजे मुलीचाच नकार. भला नकार, न बोलता दिलेला. आणि तुझा नाओद समजून बसला असेल की तुझं मन फिरलं. तू फोनवर "बरी आहे" म्हणालीस, ते त्याला पुरलं असेल. तोही तुझ्याइतकाच मूर्ख दिसतो. जोडी चांगली आहे.

गाशे दम्तेवना मी पत्र टाकलं आहे. सगळं खरं लिहिलं. तुझ्या दुकानाचा नियमही लिहिला, माझ्या मोडलेल्या पायाचंही लिहिलं. शेवटी एवढंच म्हटलं, "आमच्याकडून दोन कप राहिलेत. ते प्यायच्या आधी उठलेल्या पाहुण्यांना परत बोलावण्याची मला लाज वाटत नाही."

त्यांचं उत्तर येईपर्यंत नाओदला फोन करू नकोस. वडीलधाऱ्यांच्या आधी तुम्ही दोघांनी मिटवलंत तर म्हाताऱ्याला मिटवायला काही उरणार नाही, आणि तो तुम्हाला जन्मभर माफ करणार नाही.

एतेते

*

अदिस अबाबा
टिकिम्त २८

वैझेरो येशीहारेग यांस,

आपलं पत्र मिळालं. आपल्या पायाला आराम पडला हे वाचून बरं वाटलं.

मी आजवर एकतीस बैठकांना बसलो आहे. भावाभावांची भांडणं मिटवली, लग्नं जुळवली, एकदा एका विहिरीचा वाद सोडवला. काही ठिकाणी नकार ऐकला, एका ठिकाणी कुत्रा सोडलेला पाहिला. परंतु पुसलेल्या टेबलासमोर वीस मिनिटं बसण्याचा प्रसंग प्रथमच आला. दुसरा कप येईल म्हणून आम्ही थांबलो. आपले बंधू आम्हाला दूरध्वनीवर कुणा रडणाऱ्या नटीचे फोटो दाखवत होते. नंतर एका मुलीने आम्हाला "झालं का?" म्हणून विचारलं. मी बरोबरच्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. आम्ही उठलो.

माझा पुतण्या रोज संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन बसतो आणि काही विचारत नाही. मी त्याला सांगितलं होतं, "त्यांनी उत्तर दिलं आहे." आता ते मला परत घ्यावं लागेल. या वयात शब्द परत घेणं गुडघ्यांहून जास्त दुखतं, तरी घेतो.

राहिलेले दोन कप आम्ही पिऊ. अट एक. तिथेच, त्याच दुकानात, त्याच टेबलाशी. आपल्या घरी बोलावण्याचा आपला विचार असेल, पण गाडी ज्या स्टेशनात थांबली तिथूनच ती पुढे जाते, हा माझ्या नोकरीचा नियम आहे. जेबेना मात्र आपली असावी. आणि ते दुधावरचं पान मुलीने उत्तम काढलं होतं, हे तिला सांगावं. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं.

आपला
दम्तेव

*

अदिस अबाबा
हिदार ११

एतेते!

तू यिर्गालेमला पोचून, पाय वर करून, तेवाबेचला तिखटमीठ लावून सगळं सांगत असशील. मी इथे झोपलेले नाही. हे पत्र रागाने लिहिते आहे, समजून वाच.

आधी बाकीच्यांचं सांगते. तू गेल्यावर मॅनेजरबाईने आग लागल्याचा भोंगा पुन्हा जोडून घेतला. तू बी भाजायला घेतलंस, वर धूप टाकलास आणि तो केकाटायला लागला तेव्हा ती बिचारी पाण्याची बादली घेऊन धावली होती. नाओद स्टुलावर चढून तार काढत होता आणि गाशे दम्तेव खालून काठी रोखून म्हणत होते, "डावीकडची! डावीकडची ओढ, गाढवा!" त्या घरातलं कुणी इतक्या दिवसांत मोठ्याने बोललं ते हेच पहिलं वाक्य, असं नाओद म्हणतो.

फरशीवर गवत टाकलेलं, तू छोट्या स्टुलावर, सभोवती फोन वर धरून तीस माणसं. ते व्हिडिओ आता सगळीकडे फिरतायत. काल दोन मुली येऊन म्हणाल्या, "ते तीन कपवालं द्या ना." मी म्हटलं, "त्याला दीड तास लागेल." त्या बसल्या! वरच्या ऑफिसातून माणूस आला, विचारत होता, "ती गोष्ट रोज ठेवता येईल का, आणि ती आजी मिळेल का?" मी म्हटलं, "आजी परवडणार नाही."

आता रागाचं. दुसऱ्या कपाला गाशेंनी घसा साफ केला. उभे राहिले. किती सुंदर बोलले, एतेते! "तुमच्या घरातला दिवा आमच्या घरात लावायला मागतो," म्हणाले. माझं नाव पूर्ण घेतलं, माझ्या वडिलांच्या नावासकट. नाओद काउंटरपाशी उभा होता, त्याच्या हातात अजून ती तार होती. मग मामाने तुझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. ते तीस फोनसुद्धा वळले. आणि तू काय म्हणालीस? "विचार करून कळवू. नातेवाइकांना विचारायला हवं."

कोणते नातेवाईक? आपल्याला नातेवाईक आहेत कोण? तू, मी आणि मेकुरियामामा, आणि तिघंही तिथेच बसलो होतो!

मला माहीत आहे, पहिल्याच बैठकीत हो म्हणत नाहीत. मुलगी काही वाटेवर पडलेली नाही, हे दाखवायचं असतं. गाशे तर खूश झाले. तिसरा कप पिऊन आशीर्वाद देऊन उठताना नाओदला म्हणाले, "बघ, घरंदाज माणसं आहेत." पण आज पाचवा दिवस. नाओद रोज मशीन तपासायला येतो. मशीन ठणठणीत आहे. तो येतो, झाकण उघडतो, माझ्याकडे बघतो, मी मान हलवते, तो झाकण लावतो.

कोणत्या नातेवाइकांना विचारते आहेस ते तरी कळव.

त्सिगेरेदा

*

यिर्गालेम
हिदार १६

माझ्या त्सिगे,

तुझ्या रागाचं पत्र मी दारात बसून वाचलं. जेबेना चुलीवर होती. बस यायला अर्धा तास होता.

विचारायला नातेवाईक नव्हते, खरंच. मला विचारायचं होतं ते मलाच. ते तुला तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून घरी येऊन लिहिते.

टिकिम्तमध्ये तुझं ते पत्र आलं ना, त्यांच्याकडून शब्द नाही म्हणालीस ते, ते वाचून मी आधी घाबरले. मग, पोरी, संध्याकाळी भांडी घासताना मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. मनात आलं, मोडलं तर मोडलं. येईल परत. तिची खोली झाडून ठेवते. मी खरंच झाडली. चादर उन्हात टाकली. रात्रभर मला वाटत राहिलं की तू पलीकडे झोपली आहेस, आणि मी फार सुखात होते.

सकाळी उठले, पहिली कॉफी केली, आणि ओतताना हात थांबला. तू लिहिलं होतंस, मला हा माणूस हवाय. आणि मी तुझ्या दुःखावर चादर वाळवत होते. त्याच दुपारी इसायासला विचारलं, हवासाला कधी निघतोस. तुमच्या दुकानात मी कॉफी प्यायला गेले नव्हते. स्वतःपासून लांब जायला गेले होते.

म्हणून तिथे सगळ्यांसमोर हो म्हणायला माझी जीभ उचलली नाही. चालरीत होतीच, तिचा आडोसा घेतला. म्हटलं, घरी जाऊन त्या खोलीत एकदा बसते, आणि बसून हो म्हणता येतं का बघते. आठ दिवस बसले. पहिल्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काल संध्याकाळी तेवाबेच टीव्हीला बोलवायला आली. मी म्हटलं, "आज नको, मला एक पत्र लिहायचंय," आणि ऐकलं तर माझा आवाज चांगला होता. आनंदाचा होता. खोटा नव्हता.

तुला मोठं केलं ते ठेवून घेण्यासाठी नव्हतं, हे मी कितीतरी जणींना दारातल्या स्टुलावर बसून सांगितलं आहे. स्वतःला सांगायला इतके दिवस लागले. रागावू नकोस.

लग्न तिर महिन्यात, तिमकेतच्या सणानंतर. दम्तेवना वेगळं पत्र घालते आहे, रीतसर; त्यावर तिथे मेकुरिया सही करेल. पण ते बसने जाईल, दोन दिवसांनी पोचेल. हे तुझं मी तेवाबेचच्या मुलाबरोबर आजच पाठवते, तो विमानाने जातोय. हे आधी तुझ्याच हातात पडायला हवं.

हो. माझ्याकडून हो. मशीनचं झाकण उघडलं की त्याला सांग.

तुझी
एतेते